विश्लेषण : तारापूरची वीज दोन राज्यांत का गेली? होमी भाभा आणि विजेच्या जाळ्याची गोष्ट

देशातले पहिले अणुवीज केंद्र पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले. ते मांडणारे शास्त्रज्ञ ते सुरू झालेले पाहू शकले नाहीत. भाभांचे आयुष्य, तारापूरची निवड आणि आजची राष्ट्रीय ग्रिड यांचा संबंध काय, समजून घेऊ या.

नवापूर, दांडी, उच्छेळी, घिवली. बोईसरच्या पश्चिमेला समुद्राला लागून असलेली ही गावे. यांच्या शेजारीच तारापूर अणुवीज केंद्र आहे. त्यामुळे पावसाळ्यात लाइट गेला की एक प्रश्न साहजिकच पडतो. वीज आपल्या दारात तयार होते, मग अंधार आपल्याच घरात का?

या प्रश्नाचे उत्तर वायरमनकडे अर्धेच मिळते. उरलेले अर्धे उत्तर साठ वर्षांपूर्वीच्या एका निर्णयात आहे. तारापूरचे केंद्र एका गावासाठी किंवा एका शहरासाठी आखलेच नव्हते. ते दोन राज्यांच्या वीज यंत्रणांसाठी आखले होते. तो निर्णय समजून घ्यायचा तर डॉ. होमी जहांगीर भाभा यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

घरातच होती विजेची चर्चा

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर वकील होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. म्हणजे टाटांचे घर हे होमींच्या आत्याचे घर. शाळकरी वयात त्यांचे तिथे नेहमी जाणे-येणे असे. पोलाद कारखाना, जलविद्युत योजना, संशोधन संस्था अशा विषयांवरची मोठ्यांची बोलणी त्यांच्या कानांवर पडत.

त्या काळात टाटांनी मुंबईसाठी केलेले एक काम या गोष्टीत महत्त्वाचे आहे. १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटावरचे पाणी खाली आणून वीज तयार करायची आणि ती सुमारे ७० किलोमीटर लांब तारांवरून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत न्यायची, अशी ती योजना होती. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे आली. वीज जिथे स्वस्त पडते तिथे तयार करा आणि जिथे लागते तिथे तारेने न्या, हे सूत्र महाराष्ट्राने तेव्हाच पाहिले.

इंजिनीअरिंगला पाठवले, भौतिकशास्त्राकडे वळले

मुंबईतल्या कॅथेड्रल शाळेनंतर एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा त्यांचा प्रवास झाला. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, असा घरच्यांचा बेत होता.

केंब्रिजमध्ये मात्र होमींना भौतिकशास्त्राने ओढून घेतले. इंजिनीअरिंग आपला पिंड नाही, असे त्यांनी १९२८ मध्ये वडिलांना पत्राने कळवले. वडिलांनी नाही म्हटले नाही, पण अट घातली. आधी इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणितासाठी पैसे देतो. १९३० मध्ये होमींनी ती अट पूर्ण केली. त्यानंतर गणिताची परीक्षाही पहिल्या वर्गात दिली आणि पुढे डॉक्टरेट मिळवली.

पुढच्या काही वर्षांत त्यांचे नाव युरोपभर झाले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले की काय होते, याचे त्यांनी मांडलेले गणित आजही भाभा स्कॅटरिंग म्हणून शिकवले जाते. १९३७ मध्ये त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत वैश्विक किरणांच्या वर्षावाचे स्पष्टीकरण दिले. नको असलेली इंजिनीअरिंगची पदवी मात्र वाया गेली नाही. सिद्धांत मांडणारा हा माणूस पुढे सिमेंट, पाणी, खर्च आणि तारा यांचाही हिशेब मांडू शकला, त्याचे मूळ तिथे होते.

सुट्टीवर आले आणि इथेच राहिले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले. तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा रस्ता बंद झाला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते रुजू झाले. तिथे तेव्हा सर सी. व्ही. रामन होते. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, भाभा लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टचे सर सोराबजी सकलातवाला यांना पत्र लिहिले. मूलभूत संशोधनाची संस्था भारतात हवी, अशी मागणी त्यात होती. आणखी वीसेक वर्षांत अणुऊर्जेपासून वीज तयार होऊ लागेल, तेव्हा भारताला परदेशातून तज्ज्ञ आणण्याची वेळ येऊ नये, असा मुद्दाही त्यांनी मांडला. तारीख लक्षात घ्या. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून सव्वा वर्षाहून जास्त काळ होता. या पत्रातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. तिची सुरुवात बेंगळुरूत झाली आणि त्याच वर्षी ती मुंबईत आली.

तेव्हा देशात वीज किती होती?

१९४७ मध्ये देशाची स्थापित वीज क्षमता १,३६२ मेगावॉट होती. आज तारापूरच्या चारही संचांची एकत्रित क्षमता १,४०० मेगावॉट आहे. म्हणजे तेव्हाच्या अख्ख्या देशाएवढी क्षमता आज एका केंद्रात आहे.

शिवाय ही वीज तुकड्यातुकड्यांत होती. मुंबईची वेगळी, कोलकात्याची वेगळी, संस्थानांची वेगळी. या तुकड्यांना एकत्र आणण्याचा विचार सरकारी पातळीवर १९४० च्या दशकात सुरू झाला. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. सार्वजनिक बांधकामे आणि वीज यांच्या धोरण समितीचे ते अध्यक्ष होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली.

त्याच १९४८ च्या ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये अणुऊर्जा खाते सुरू झाले, त्याचे सचिवही तेच. हे खाते थेट पंतप्रधान नेहरूंच्या अखत्यारीत होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेची अप्सरा ही संशोधन अणुभट्टी सुरू झाली. आधी १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद झाली, तिचे अध्यक्षपद भाभांकडे होते.

मग तारापूरच का?

भाभांचा युक्तिवाद नकाशावर आधारलेला होता. देशातला मोठा कोळसा झरिया आणि राणीगंजकडे, म्हणजे पूर्वेला. कारखाने आणि गिरण्या मुंबई, सुरत, अहमदाबाद पट्ट्यात, म्हणजे पश्चिमेला. मध्ये हजाराहून जास्त किलोमीटर. एवढ्या लांबून रेल्वेने कोळसा आणायचा तर वाहतुकीचाच खर्च मोठा. अणुइंधनाचे तसे नाही. थोड्या टनांत वर्षभराचे काम होते. म्हणून कोळशापासून दूर आणि ग्राहकांच्या जवळ असलेल्या ठिकाणी अणुवीज परवडेल, असे त्यांचे गणित होते.

या गणितात तारापूरची जागा चपखल बसली. मुंबईपासून सुमारे १०० किलोमीटर उत्तरेला. गुजरातची हद्द जवळ. पश्चिम रेल्वेवरचे बोईसर स्टेशन हाताशी. आणि वाफ थंड करण्यासाठी समोर अरबी समुद्र. अशा केंद्राला थंड पाणी सतत आणि प्रचंड प्रमाणात लागते. ते किनाऱ्यावर फुकट मिळते.

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे दोन भाग झाले. दोन्ही राज्यांची वीज मंडळेही वेगळी झाली. त्याच वर्षी तारापूरसाठी जागतिक निविदा निघाली. राज्ये विभागली जात असताना दोघांना एकत्र वीज देणाऱ्या केंद्राची आखणी सुरू होती.

दोन छोटे संच का, एक मोठा का नाही?

आजच्या वाचकाला हा प्रश्न पडू शकतो. अणुवीज केंद्र जितके मोठे, तितकी प्रति युनिट वीज स्वस्त. मग एकच मोठा संच का लावला नाही?

कारण जाळे लहान होते. आपल्या वीज यंत्रणेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. वीज साठवून ठेवता येत नसल्यामुळे प्रत्येक क्षणी निर्मिती आणि वापर समान असावा लागतो. निर्मिती कमी पडली की वारंवारता घसरते. फार घसरली तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतात आणि अंधार पसरत जातो.

एक साधे उदाहरण घेऊ. जाळ्यात एकूण १,००० मेगावॉट वीज वाहते आहे आणि त्यातला २०० मेगावॉटचा संच अचानक बंद पडला. एका झटक्यात पाचवा भाग गेला. ते जाळे सावरणे कठीण. पण तेच जाळे अडीच लाख मेगावॉटचे असेल तर २०० मेगावॉट गेल्याचे कोणाला जाणवणारही नाही. मे २०२४ मध्ये देशाची कमाल मागणी अडीच लाख मेगावॉटपर्यंत गेली होती. १९६० च्या दशकात पश्चिम भारताकडे असे जाळे नव्हते.

त्यामुळे तारापूरला प्रत्येकी सुमारे २०० मेगावॉटचे दोन संच ठरले. आणि एकट्या राज्याला झेपणार नाही ते दोघांनी मिळून पेलावे, म्हणून वीज महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये वाटायचे ठरले. केंद्राचा आकार तारांच्या ताकदीवरून ठरला, तो असा.

एक तडजोड

भाभांचा स्वतःचा आराखडा तीन टप्प्यांचा होता. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी, दुसऱ्यात प्लुटोनियमवर चालणाऱ्या फास्ट ब्रीडर भट्ट्या, तिसऱ्यात थोरियम. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम भरपूर असल्यामुळे शेवटी देश स्वावलंबी होईल, अशी कल्पना होती.

तारापूरचे पहिले दोन संच या आराखड्यात बसत नव्हते. ते अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे होते आणि त्यांना समृद्ध युरेनियम लागत होते. ते अमेरिकेकडूनच यायचे होते. तरीही भाभांनी हा पर्याय स्वीकारला. किंमत कमी होती, अमेरिकेचे ८ कोटी डॉलरचे स्वस्त कर्ज मिळत होते आणि भारतीय जाळ्यात अणुवीज चालते, हे लवकर सिद्ध करायचे होते. १९६३ मध्ये दोन्ही देशांत करार झाला आणि १९६४ मध्ये काम सुरू झाले.

या तडजोडीची किंमत पुढे चुकवावी लागली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधन देण्यात हात आखडता घेतला. नंतर फ्रान्स आणि इतर देशांकडून इंधन घ्यावे लागले.

२४ जानेवारी १९६६

त्या दिवशी भाभा एअर इंडियाच्या कांचनजंगा या बोइंग विमानाने व्हिएन्नातल्या बैठकीसाठी निघाले होते. जिनिव्हाजवळ हे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. विमानातले सर्व ११७ जण मरण पावले. भाभा ५६ वर्षांचे होते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी लालबहादूर शास्त्री यांचे निधन झाले होते.

भाभांनी लग्न केले नाही. चित्रे काढणे, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणे आणि झाडे यांची त्यांना आवड होती. बांधकामाच्या आड येणारे झाड तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचे, असा त्यांचा आग्रह असे. जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले.

केंद्र सुरू झाले, पुढे काय?

फेब्रुवारी १९६९ मध्ये तारापूरच्या दोन्ही भट्ट्यांत साखळी क्रिया सुरू झाली. २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. तारापूरच्या स्विचयार्डातून २२० किलोव्होल्टच्या वाहिन्या दोन्ही राज्यांत गेल्या.

सुरुवातीचा काळ सोपा नव्हता. जाळ्यात कुठेही बिघाड झाला की त्याचा झटका केंद्राला बसायचा आणि संच बंद पडायचे. यंत्रांतही अडचणी आल्या. १९८० च्या दशकात दोन्ही संचांची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटपर्यंत खाली आणावी लागली.

दरम्यान जाळे वाढत होते. १९६४ मध्ये देशाचे पाच विभाग करून विभागीय वीज मंडळे नेमली गेली. १९८९ मध्ये राष्ट्रीय पारेषण कंपनी स्थापन झाली, तीच आजची पॉवर ग्रिड. मग एकेक विभाग जोडला गेला. १९९१ मध्ये पूर्व आणि ईशान्य, २००३ मध्ये त्यांना पश्चिम, २००६ मध्ये उत्तर. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिण विभागही जोडला गेला. त्या दिवसापासून अख्खा देश एकाच वारंवारतेवर चालतो. शेवटची गाठ महाराष्ट्राच्या सोलापुरात बांधली गेली.

मोठ्या जाळ्याचा धोकाही मोठा असतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी तो दिसला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य विभाग एकदम कोसळले आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या भागात वीज गेली. पश्चिम विभाग त्यातून वाचला.

तारापूरचे तिसरे आणि चौथे संच २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाले. प्रत्येकी ५४० मेगावॉटचे, भारतीय बनावटीचे, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणारे. म्हणजे भाभांच्या पहिल्या टप्प्यातले. जाळे मोठे झाले होते, म्हणून संचही मोठे करता आले.

भाभांचे अंदाज किती खरे ठरले?

सगळे नाही. १९८७ पर्यंत देशात २० ते २५ हजार मेगावॉट अणुवीज असेल, असा त्यांचा १९६२ मधला अंदाज होता. आज, त्यानंतर जवळपास चार दशकांनी, हा आकडा ९ हजारांच्याही आत आहे आणि देशाच्या एकूण विजेत अणुवीज सुमारे ३ टक्के आहे. जिनिव्हाला त्यांनी दोन दशकांत संलयन ऊर्जा हाती येईल, असे भाकीत केले होते. ती अजूनही प्रयोगशाळेतच आहे.

जाळ्याबाबतचा त्यांचा हिशेब मात्र टिकला. अनेक राज्यांसाठी एक मोठे केंद्र आणि त्याच्या विजेचे ठरलेले वाटे, हीच पद्धत पुढे केंद्र सरकारच्या औष्णिक आणि जलविद्युत प्रकल्पांत रुळली.

मग नवापूरचा लाइट का जातो?

तारापूरहून निघणारी वीज २२० किंवा ४०० किलोव्होल्टची असते. हा दाब घराला थेट वापरता येत नाही. ती वीज आधी मोठ्या उपकेंद्रात जाते, तिथे देशभरातून आलेल्या विजेत मिसळते, मग टप्प्याटप्प्याने दाब कमी होत गावच्या फीडरवर येते. शेवटी डीपी आणि डीपीवरून घर.

म्हणजे तारापूर केंद्र आणि शेजारचे गाव यांच्यात सरळ तार नाही. केंद्र पूर्ण ताकदीने चालू असतानाही माडाची झावळी फीडरवर पडली, खाऱ्या हवेने इन्सुलेटर खराब झाला किंवा डीपी जळाली तर गाव अंधारात जाते. उलट केंद्र बंद असले तरी फीडर धड असेल तर लाइट राहतो. म्हणून तक्रार करताना प्रश्न अणुवीज केंद्राचा नसतो. फीडर किती जुना आहे, डीपीवर भार किती आहे, पर्यायी फीडर आहे का, हे विचारायला हवे. ते काम महावितरणचे आहे.

हिशेबात न आलेली बाजू

भाभांच्या गणितात कोळशाचे अंतर होते, समुद्राचे पाणी होते, दोन राज्यांची मागणी होती. जागा मात्र कोणाची तरी होती. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तारांच्या मनोऱ्यांखाली शेते आणि वाड्या गेल्या. १८८५ च्या तार कायद्यातल्या अधिकारांनुसार अशी जमीन संपादित केली जात नाही, नावावर तशीच राहते, पण तिचा वापर बांधला जातो. मनोऱ्याच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के मोबदला सुचवणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २०१५ मध्ये आली. २०२४ मध्ये हे प्रमाण २०० टक्के करण्यात आले.

पहिल्या दोन संचांची वीज महाराष्ट्र आणि गुजरातला निम्मी-निम्मी, तिसऱ्या-चौथ्या संचांची पश्चिमेकडच्या इतर राज्यांनाही. प्रत्येक राज्याचा वाटा मेगावॉटमध्ये लिहिलेला आहे. ज्या गावांच्या जमिनीवर केंद्र आणि मनोरे उभे राहिले, त्यांचा वाटा या तक्त्यात कुठेच नाही. जिल्ह्यात नवीन वाहिन्यांची कामे निघतील, तेव्हा ग्रामसभेत सर्वात आधी हा तक्ता समोर ठेवायला हवा.